क्रॅबट्रीचं विरजण

सुनेत्राबाई खोटं बोलत नसत. उभा जन्म बँकेत काढलेल्या बाईला ते परवडतही नाही. पण खऱ्याला जरा बरे कपडे घालून बाहेर पाठवायला काय हरकत आहे, असं त्यांचं मत होतं. म्हणून सून काय करते असं कोथरूडमध्ये कुणी विचारलं, की त्या सांगत, "फूड प्रोसेसिंगमध्ये आहे. मायक्रोबायॉलॉजिस्ट." यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. फक्त ते फूड ग्लासातून प्यायचं असतं आणि त्याला फेस येतो, एवढं त्या सांगायच्या राहून जात.

ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाला त्या मुलाकडे आल्या त्या उन्हाळाभर राहून परत जायच्या बोलीवर. मग कोरोना आला, विमानं बंद झाली आणि बाई अडकल्या. मुलगा यतिन हॉस्पिटलातली यंत्रं सांभाळायचा. घरी आला की गॅरेजमध्येच कपडे बदलून आत यायचा. गाडी चालवता येत नाही आणि बस कधी येईल ते बसलाच ठाऊक, त्यामुळे सुनेत्राबाईंना घराबाहेरचं जग उरलं नाही. मग त्यांनी घरातल्या जगाला धुऊन काढलं. कोथिंबीर साबणाच्या पाण्यातून निघू लागली. वाटी, चमचा, डबी, झाकण, जे हाताला लागेल ते उकळत्या पाण्यात जाऊ लागलं. "आई, आता मलाही उकळा एकदा," असं सून म्हणाली, तेव्हा बाईंनी ते फारसं विनोदाने घेतलं नाही.

सून म्हणजे सुमेधा. पुण्यात बीएस्सी केलं, इथल्या युनिव्हर्सिटीत पुढचं शिकली आणि क्रॅबट्री नावाच्या एका लहानशा ब्रूअरीत चिकटली. ही ब्रूअरी आर्थर क्रॅबट्री या म्हाताऱ्याची. तो तरुणपणी इंग्लंडातल्या यॉर्कशरमधून आला, तो थर्मासमध्ये आपल्या गावचं यीस्ट घेऊन. त्याच्या बिअरला बिटर म्हणतात. रंगाने गुळाच्या पाकासारखी, फसफस बेताची, आणि प्यायची ती जेमतेम गार. क्वीन्सलँडच्या उकाड्यात लोकांना बिअर बर्फासारखी लागते. "सपक आहे रे, मेट," असं कुणी म्हणालं की आर्थर सांगायचा, "मग लेमोनेड पी." असं तोडून बोलत बोलत त्याने अर्धं गाव आपल्या बिअरला लावलं होतं.

ही बिअर तो रुंद, उघड्या हौदांत आंबवायचा. यीस्ट वर येऊन सायीसारखं जाड बसतं. ती साय काढायची आणि पुढच्या घाण्याला लावायची. सुमेधा कामाला लागली त्या आठवड्यात आर्थरने तिला विचारलं होतं, "जुन्यातलं काढून नव्याला लावतात, त्याला तुमच्याकडे काय म्हणतात?" ती म्हणाली, "विरजण." त्याच्या जिभेवर त्याचं 'व्हर्जन' झालं, पण शब्द त्याला आवडला. तेव्हापासून सगळ्या ब्रूअरीत यीस्टला कुणी यीस्ट म्हणेना. बरण्यांवरसुद्धा सुमेधा देवनागरीत तेच लिहायची.

लॉकडाउन लागला, पब बंद झाले, आणि पिंपातली बिअर पडून खराब व्हायला लागली. ती गटारात ओतावी लागली, त्या दिवशी सुमेधा घरी येऊन रडली. बिअरसाठी कुणी रडतं का, असं सुनेत्राबाईंना वाटलं. वाटलं ते त्या बोलल्याही.

आर्थरची मुलगी हेदर हिशेबी आणि धीराची होती. तिने कॅन भरायला घेतले. घरात कोंडलेल्या माणसांनी ते असे काही उचलले, की ब्रिस्बेनच्या दुकानांतूनही मागणी यायला लागली. उघडे हौद पुरेनात. मग ब्रिस्बेनच्याच एका बंद पडलेल्या ब्रूअरीची दोन मजली उंच बंद टाकी हेदरने आणली. तिला जागा करायला जुने हौद कापून भंगारात दिले, सुमेधाची छोटी लॅब पाडली. तेवढ्यात आर्थर पडला, त्याचं खुब्याचं हाड मोडलं, आणि तो वृद्धांच्या केअर होममध्ये गेला. सुमेधा हेड ब्रूअर झाली. सुनेत्राबाईंनी पुण्याला बहिणीला, चित्रलेखाला, फोन केला: "सुमेधा हेड झाली. प्रोसेसिंगची."

बिअर हातोहात खपत होती. आणि सुमेधा दिवसेंदिवस चिडचिडी होत चालली होती.

ऑगस्टमध्ये एका दुपारी ती घरी आली ती थेट स्वयंपाकघरात. मास्कसुद्धा काढला नव्हता.

"काय झालं गं?" सुनेत्राबाईंनी विचारलं.

"आर्थरला कॅन द्यायला गेले होते, आई. आत सोडत नाहीत, काचेच्या बाहेरून फोनवर बोलायचं. नर्सने ग्लासात ओतून दिली. तो प्यायला. म्हणाला, 'नाइस.' आणि मग विचारलं, 'कुणाची आहे?'"

"म्हणजे?"

"म्हणजे त्याला स्वतःची बिअर ओळखता आली नाही! कॅनवर त्याचं नाव आहे, आई. त्याला वाटलं मी दुसऱ्या कुणाची तरी आणलीय."

सुनेत्राबाईंना बिअरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हे कळलं. आपण केलेली पुरणपोळी आपल्याच बापाने खाऊन 'कुठल्या दुकानातली?' असं विचारावं, तसलं हे दुखणं. त्यांनी सुनेपुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि पहिल्यांदाच नीट विचारलं, "बिघडलं कुठे?"

"बिघडलं काहीच नाही, तेच तर! स्वच्छ आहे, छान आहे. पण ती टाकी उंच. वरच्या सगळ्या बिअरचा भार खालच्या यीस्टवर. त्याला मोकळं फुलताच येत नाही, मग त्याचा तो पिकल्या फळासारखा वास येत नाही. वर साय धरत नाही, सगळं तळाला बसतं. आपण पुढचं विरजण तळातलंच घेतो. की पुढच्या खेपेला अजून तळात बसणारं. एका खेपेत कळत नाही. थोडं थोडं करत जुनी चव सगळी निघून गेली." सुमेधाने डोळे पुसले. "पण मी जुन्या हौदातली शेवटची साय ठेवलीय. लॅब पाडली तेव्हा इथे फ्रिजमध्ये आणली. काचेच्या बरणीत. ती आहे तोवर काही गेलेलं नाही."

सुनेत्राबाईंना ती बरणी चांगलीच ठाऊक होती.

त्याचं असं झालं होतं. गणपती दोन दिवसांवर आलेले. पंचामृताला दही हवं, आणि घरातलं दही आदल्या रात्री यतिनने खिचडीबरोबर ओरपून टाकलेलं. दुकानातलं योगर्ट देवाला घालायला बाई तयार नव्हत्या. फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात बरणी सापडली. तिच्यावर सुमेधाच्या अक्षरात स्वच्छ लिहिलं होतं: विरजण. आता मराठी माणसाला यापुढे आणखी काय सांगायचं असतं? बाईंनी कोमट दुधाला लावलं. दूध काही लागेना. म्हणून आणखी लावलं. सकाळी पातेल्यातून पिकलेल्या केळ्यासारखा वास येत होता आणि दूध होतं तसंच पातळ. 'या देशातलं दूधच असलं,' असं म्हणून त्यांनी ते सिंकमध्ये ओतलं.

सुमेधाने फ्रिज उघडला. मग तिची नजर ओट्यावर गेली. बरणी घासून, उकळून, जाळीवर पालथी घातलेली होती. लेबल पार निघून गेलं होतं.

ती किंचाळली नाही. किंचाळली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. ती खाली फरशीवर बसली आणि एवढंच म्हणाली, "चाळीस वर्षं जपलं होतं त्याने. माझ्याकडे तीन महिने टिकलं नाही."

"तूच लिहिलं होतंस विरजण म्हणून," सुनेत्राबाई म्हणाल्या. चूक अंगाशी आली की आधी आवाज चढवायचा, ही त्यांची जुनी खोड. पण सुनेचा चेहरा बघून आवाज काही चढला नाही. मग एकदम त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आणि संपलं कुणी सांगितलं तुला?"

"बरणी घासलीत ना तुम्ही!"

"बरणी घासली. विरजण टाकून देतं का कुणी? सगळं विरजण कधी लावायचं नसतं, थोडं मागे ठेवायचं असतं, एवढी अक्कल आहे मला." त्यांनी लोणच्यामागे हात घातला आणि स्टीलची एवढीशी डबी बाहेर काढली. "उद्या पुन्हा करून बघणार होते. उष्टा चमचा लावला नाही. डबी उकळली, चमचा उकळला. बघ."

तळाशी चमचाभर करडी साय होती. सुमेधाने वास घेतला आणि सासूला मिठीच मारली. कोरोनाच्या भीतीने बाई तीन हात लांब राहायच्या, त्या विसरूनच गेल्या.

चमच्यातून कपभर झालं, कपातून बादलीभर. जगलं का, शुद्ध आहे का, हे सुमेधा मायक्रोस्कोपखाली बघत राहिली, आणि नको ते जे होतं ते वेचून दूर करत गेली. पण विरजण वाचलं तरी भांडं चुकीचंच होतं. तिने गाडी पिटाळून आजूबाजूची गावं पालथी घातली आणि बंद पडलेल्या एका चीज कारखान्यातून दुधाचे रुंद, उथळ, स्टीलचे हौद हुडकले. हेदरला त्यांचे फोटो दाखवायचे होते त्या दिवशी यतिनला शिफ्ट होती. म्हणून विरजणाची बादली सांभाळून धरायला सुनेत्राबाई गाडीत बसल्या. दारूच्या कारखान्यात त्या आयुष्यात पहिल्यांदा पाऊल टाकत होत्या. पदर नाकाशी न्यायच्या तयारीनेच त्या आत शिरल्या, आणि वास आला तो भाजक्या धान्याचा, आपल्या भाजणीसारखा. पदर जिथल्या तिथे राहिला.

हेदरने हौदांचे फोटो बघितले आणि मान हलवली. "सुमेधा, लव्ह, जागा जास्त जाईल, माणसं जास्त लागतील. आणि कशासाठी? लोकांना आवडतेय. एकाचीही तक्रार नाही."

"तीच तर तक्रार आहे, हेदर. पूर्वी निम्मे लोक म्हणायचे असली बिअर नको, आणि निम्मे म्हणायचे दुसरी नकोच. आता कुणीच काही म्हणत नाही."

"आपल्याला वाढायचंय की नाही?"

"वाढूया ना! मोठ्या टाकीत ती बर्फासारखी गार प्यायची लागर कर, हवी तेवढी कर, मी मन लावून करून देते. पण बिटर करायची तर एका उंच टाकीत नाही, चार रुंद हौदांत. नाहीतर तिच्यावरून तुझ्या डॅडचं नाव काढ. आणि हेड ब्रूअर म्हणून माझंही."

हेदर पुन्हा फोटो बघायला लागली. सुनेत्राबाईंना इंग्रजी उत्तम कळत होतं. अशाच एकदा त्या झोनल मॅनेजरसमोर उभ्या राहिल्या होत्या, आणि तेव्हा आपण मनातून किती घाबरलो होतो हे त्यांनी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. त्यांनी सुनेकडे पाहिलं. पोरगी जागची हलली नव्हती. बाईंचा ऊर भरून आला. फूड प्रोसेसिंग म्हणे! त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"एक घाणा," शेवटी हेदर म्हणाली. "डॅड चाखू दे. तो म्हणेल तसं."

सप्टेंबर सरता सरता हौदांवर साय धरली, जाड, पिवळसर, कडेला चढलेली. नंतर बिअर मुरली. मग एका सकाळी तिघी केअर होमच्या खिडकीबाहेर, बागेत उभ्या राहिल्या. काचेपलीकडे आर्थर खुर्चीत होता, हात मोठे, बाकी माणूस सुकलेला. नर्सने ग्लास दिला. त्याने आधी उजेडात धरला, मग हुंगला, मग प्यायला. पुन्हा प्यायला. नर्सने फोन त्याच्या कानाशी धरला.

"ही माझी नाही," तो म्हणाला.

सुमेधाचा चेहरा उतरला. हेदरने खाली बघितलं.

"तोच वास, तेच व्हर्जन. पण माझे हौद खोल होते. पैसे नव्हते म्हणून मिळाले तसले घेतले होते मी. हिला फुलायला जास्त जागा मिळालीय." त्याने ग्लास रिकामा केला आणि काचेवर, सुमेधाच्या तोंडासमोर, टेकवला. "माझ्यापेक्षा बरी आहे. ही तुझी आहे, पोरी. चारात नको, आठात कर."

सुमेधा हसत होती की रडत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. हेदरने तिथल्या तिथे डोळे पुसले आणि जागेचं गणित करायला लागली.

दिवाळीत कोथरूडच्या मैत्रिणींनी फराळ झूमवर करायचा ठरवला. सुनेत्राबाई इथल्या संध्याकाळी चकलीची बशी घेऊन बसल्या. पडद्यावर चौकटी-चौकटींतून पंधरा-वीस नटलेल्या बायका, मधोमध चित्रलेखा. बशीशेजारी तपकिरी कॅन उभा होता. त्याच्यावर मोठं क्रॅबट्री, खाली बारीक अक्षरांत सुमेधाचं नाव, आणि त्याच्याही खाली देवनागरीत एक शब्द.

चित्रलेखाचे डोळे पहिल्यापासून तीक्ष्ण. "सुनेत्रा, ते काय गं तुझ्याजवळ? कोल्ड्रिंक का?"

स्वयंपाकघरात सुमेधाचा हात थबकला. ही सगळी बोलणी तिला पाठ होती. आता सासू कॅन हळूच खाली ठेवणार, आणि फूड प्रोसेसिंग पुन्हा सुरू होणार.

सुनेत्राबाईंनी कॅन उचलला आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळ धरला, सगळ्यांना वाचता येईल असा.

"बिअर आहे," त्या म्हणाल्या.

चौकटींमधल्या चकल्या तोंडाशीच थांबल्या.

"अगं बाई! कुणाची?"

"आमची," सुनेत्राबाई म्हणाल्या. "सुमेधाने केलीय. तिचं नाव आहे बघा. आणि विरजण माझ्या डबीतलं."