चौथा रकाना

“काकू, तुम्ही काहीतरी दाबता,” मी म्हणालो. “दाबल्याशिवाय असं होत नाही.”

“मी काही दाबत नाही.”

“सगळे असंच म्हणतात.”

एकाच घरात आठवड्यातून तिसऱ्यांदा जावं लागलं की माझं डोकं फिरतं. सतरा वर्षं मी लोकांच्या घरचं इंटरनेट दुरुस्त करत फिरतोय आणि माझं मत पक्कं झालंय, की निम्मी माणसं बिनडोक असतात आणि उरलेली निम्मी खोटं बोलतात. कुणी धूळ बसू नये म्हणून राउटर लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवतं. कुणी त्यावर भरतकामाचा रुमाल घालतं. एका प्राध्यापकानं तो माशांच्या टाकीमागे दडवला होता आणि वर मलाच लहरींचं शास्त्र शिकवत होता. नवा लॅपटॉप घेतला की यांना वाटतं, सगळं आपोआप होणार. झालं नाही की आहोतच आम्ही.

ही काकू मी बिनडोकांत जमा केली होती. साठी ओलांडलेली, ठेंगणी, केस घट्ट बांधलेले. बाळंतिणींच्या वॉर्डची मुख्य सिस्टर म्हणून निवृत्त झालेली. नव्या आयांना व्हिडिओवर सल्ला देणारी एक हेल्पलाइन निघाली होती आणि तिथले लोक आठवडाभर तिला आजमावून बघत होते, रोज दुपारी चार ते पाच. त्यासाठी तिच्या मुलीनं हा कोरा लॅपटॉप पाठवला होता. पण बोलता बोलता लाइन जायची. समोर रडणारं पोर, घाबरलेली आई, आणि पडद्यावर गोल फिरणारं चक्र.

“आज शुक्रवार. शेवटचा दिवस,” काकू म्हणाली. “आज लाइन तुटली तर माझं नाव काढून टाकणार आहेत. तसं स्पष्ट कळवलंय त्यांनी.”

घड्याळात तीन वाजले होते.

“अरे, मी हिला कधीचं सांगतोय, झेपत नाही तर सोडून दे,” आरामखुर्चीतून साहेब म्हणाले. साहेब म्हणजे काकूचे यजमान. कुठल्याशा कार्यालयात अधीक्षक होते आणि निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी घरात शर्ट खोचून बसायचे. मला माणूस बरा वाटायचा. गेल्यागेल्या “बस रे” म्हणायचे, “अगं, याला चहा टाक” म्हणायचे. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी मी आलो तेव्हा त्यांनी मला दारातच गाठून हळूच सांगितलं होतं, “यंत्र उत्तम आहे. हिच्या हातात गेलं की बिघडतं.” मला ते लगेच पटलं. दोन्ही वेळा मी फोनवरच्या फॉर्ममध्ये ‘ग्राहकाची चूक’ निवडलं, तक्रार बंद केली आणि पुढच्या घरी पळालो. राउटरच्या आतल्या नोंदी बघायला पाच मिनिटं लागतात. मी बघितल्या नव्हत्या. आळस, दुसरं काय.

या खेपेला मात्र ऑफिसनं तंबी दिली होती, म्हणून मी सगळं रीतसर केलं. लॅपटॉप राउटरपाशी नेला, मग लांबच्या खोलीत नेला. बॅटरी वाचवायला तो स्वतःच वायफाय बंद करतो का, तेही तपासलं. कुठे काही नाही. व्हिडिओ लावून ठेवला, वीस मिनिटं अडखळला नाही.

“बघा! काय धाड भरलीये याला?”

“तुम्ही असताना काहीच होत नाही,” काकू म्हणाली. “नोंदी बघता का?”

तिनं एक वही पुढे केली. आधीही दोनदा केली होती आणि मी न बघताच बाजूला सारली होती. आता व्हिडिओ चालू होता, मला दुसरं काम नव्हतं, म्हणून घेतली.

पट्टीनं आखलेले चार रकाने. वॉर्डात पलंगाला तापाचा तक्ता लटकवतात ना, तसा. तारीख, लाइन गेली ती वेळ, परत आली ती वेळ. चौथ्या रकान्यावर लिहिलं होतं, ‘घरात कोण कुठे’. मला हसूच आलं. म्हटलं, आता ही बया मला सांगणार की नजर लागते.

मग मी तो रकाना वाचला.

‘हे गॅलरीत. फोन हातात.’ त्याखाली, ‘हे गॅलरीत. फोन.’ त्याखाली पुन्हा तेच. आणि कालच्या तारखेला, ‘हे दुकानात गेलेले. लाइन नीट. ४.४५ हे परत आले. ४.५० लाइन गेली.’

“हे काय आहे, काकू?” मी आवाज खाली आणून विचारलं.

“नोंदी आहेत. आम्ही निदान करत नसतो. दिसलं ते लिहून ठेवतो. निदान तुम्ही करायचं.”

मी राउटरच्या नोंदी उघडल्या. पाच मिनिटंही लागली नाहीत. सगळं तिथं होतं, मिनिटामिनिटासकट. लॅपटॉप बंद केला, लॅपटॉप सुरू केला, म्हणजे त्याचं इंटरनेट. दर वेळी एकाच फोनवरून. त्या फोनमध्ये राउटरचं अ‍ॅप मीच टाकून दिलं होतं, दोन वर्षांपूर्वी राउटर बसवायला आलो तेव्हा. “नातवंडं फार वेळ बघत बसली तर इथून एक बोट लावा, बंद,” असं मोठ्या तोऱ्यात शिकवलंही होतं.

साहेब उठून जवळ आले. “काय निघालं? मशीनच खराब ना? परत पाठवून देऊ.”

खरं सांगतो, माझं बोट ‘लॅपटॉपमध्ये दोष’ या ओळीवर गेलं होतं. नवराबायकोच्या भानगडीत कोण पडणार? शिवाय खरं लिहिलं तर माझ्या आधीच्या दोन्ही तक्रारी खोट्या ठरणार. सतरा वर्षं लोकांना नावं ठेवली आणि वेळ आली तेव्हा मी त्यांच्यातलाच निघालो.

“सही घेण्याआधी फॉर्म ग्राहकाला वाचून दाखवायचा असतो ना?” काकू म्हणाली. “कनेक्शन माझ्या नावावर आहे.”

“हो.”

“मग वाचा. मोठ्यानं. आधी राउटरमधल्या वेळा वाचा, मी ताडून बघते.”

तिनं चष्मा लावला आणि पेन्सिल घेतली. मी घसा साफ केला.

“सोमवार. चार वाजून सात मिनिटं. लॅपटॉप बंद केला.”

“कुठून?”

“साहेबांच्या फोनवरून.”

तिनं वहीत बरोबरची खूण केली. “पुढे.”

“चार एकतीस. सुरू केला. चार चाळीस. बंद केला.”

“अगं, मी आपलं बघत होतो, चुकून लागलं असेल,” साहेब म्हणाले. माझ्याकडे बघून हसले सुद्धा. मी हसलो नाही.

“पुढे,” काकू म्हणाली.

मंगळवारचे दोन झाले. तिची पेन्सिल एकदाही अडली नाही.

“बुधवार. चार एकोणीस.”

“थांबा.” तिनं वही खाली ठेवली. “बुधवारी नऊ दिवसांचं बाळ होतं. दूध ओढताना ठसका लागून निळं पडत होतं. त्या मुलीला मी सांगत होते, त्याला पालथं कसं धरायचं. हात कुठे ठेवायचा तेवढं सांगायचं राहिलं. लाइन परत कधी आली?”

“चार चव्वेचाळीस.”

“पंचवीस मिनिटं मी इथं बसून होते. मग मी हेल्पलाइनवाल्यांना विचारलं, ती परत बोलली का? नाही बोलली.” तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. “काय झालं असेल त्या बाळाचं, हो? सांगा ना मला.”

हे ती साहेबांना विचारत होती. साहेबांनी खुर्चीची पाठ धरली.

“मला काय माहीत आत काय चाललंय?” ते म्हणाले. “जन्मभर तुझं हॉस्पिटल, हॉस्पिटल. आता तरी घरात बसशील, चार शब्द बोलशील, असं वाटलं होतं. तर पुन्हा तेच.”

काकूनं ऐकून घेतलं. मग चष्मा पुसला.

“पुढचं वाचा.”

मी गुरुवारचं वाचलं. तिनं खूण केली आणि विचारलं, “तुम्ही आधी दोनदा काय लिहिलंत?”

“ग्राहकाची चूक.”

“ते खोडा.”

“खोडता येत नाही, सिस्टर. ऑफिसला फोन करावा लागतो.”

“मग करा.”

केला, तिच्यासमोरच. सुपरवायझर खेकसला, “शुद्धीवर आहेस का? स्वतःच्याच नोंदी खोट्या म्हणतोस?” म्हटलं, हो, खोट्याच आहेत, न बघता लिहिल्या. त्यानं जे ऐकवायचं ते ऐकवलं. मी ऐकलं.

मग राउटरचा पासवर्ड बदलला. तो तिनंच टाकला, दोन बोटांनी, अक्षर शोधून शोधून. मी तोंड फिरवून उभा राहिलो. तिनं फॉर्मवर सही केली, पदर नीट केला आणि चार वाजायला तीन मिनिटं असताना लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत गेली. दार लावून घेतलं.

मी वायरी गुंडाळून बॅगेत भरत होतो. साहेब फोनवर बोटं आपटत होते.

“यात आता काहीच दिसत नाही रे.”

“दिसणार नाही.”

“नवा पासवर्ड काय टाकला तिनं?”

“ग्राहकाला विचारा,” मी म्हणालो.

ते खरंच दारापाशी गेले. आतून एक बारीक रडका आवाज येत होता, कुठल्यातरी दूरच्या घरातला, आणि त्याच्यावर काकूचा संथ आवाज, “रडू नको, मी कुठे जात नाही, आधी त्याचं डोकं जरा वर घे.” साहेबांनी दारावर टकटक केली.

“कोण आहे?” आतून सिस्टरनं विचारलं. “आत पेशंट आहे. बाहेर थांबा.”

साहेब दोन पावलं मागे आले. मी चपला घातल्या, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं. तोवर ते तिथंच उभे होते, फोन दोन्ही हातांत धरून.