खुर्ची बिघडली आहे

मित्रांनो, मी दातांच्या दवाखान्यातली एक जुनी खुर्ची. नवी होते तेव्हा माझं निळं रेक्झीन चकाकायचं. पायाशी खटका दाबला की मी अलगद वर जायचे. लोक माझं कौतुक करायचे आणि आमचे डॉक्टर ते स्वतःचंच समजून फुगायचे.

एकदा एक शिवणकाम करणारी बाई आली. सोबत तिची नणंद होती. बाईच्या जिभेवर पांढरे चट्टे होते, ओठांचे कोपरे चिरले होते, हातांवर खाजऱ्या पुटकुळ्या होत्या. घास गिळताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

"तोंडात बुरशी झालीय. रक्त तपासून घ्या," डॉक्टर म्हणाले. तेवढं त्यांनी बरोबर सांगितलं, हे मी नाकारत नाही.

तपासणीत एचआयव्ही निघाला. बाईने मोठ्या इस्पितळात औषधं सुरू केली. हळूहळू जीभ स्वच्छ झाली, हात बरे झाले, शिलाई मशीन पुन्हा चालू लागलं. पुढे दाढ दुखू लागली तेव्हा ती विश्वासाने इथेच आली आणि आपण होऊन सगळं सांगून मोकळी झाली.

डॉक्टर दोन पावलं मागे सरले. "खुर्ची बिघडलीय. दुसरीकडे दाखवा."

मी बिघडले? इतक्या वर्षांत माझा एक स्क्रू कुरकुरला नव्हता. पाचावर धारण बसली यांची, आणि नाव पुढे केलं माझं!

नणंदेने वहिनीला माझ्यावर बसवलं आणि खटका दाबला. मी ऐटीत वर गेले. बाहेरच्या बाकावरची माणसं माना वळवून बघू लागली.

"चालतेय की," नणंद म्हणाली.

डॉक्टरांनी हातमोज्यांवर हातमोजे चढवले. मग कपाटाच्या तळातून एक यंत्र ओढून काढलं आणि त्यावरची धूळ झटकली. "थांबावं लागेल. जंतू मारायला अवजारं वाफेत घालतो."

"एरवी घालत नाही?" नणंदेने विचारलं.

डॉक्टर यंत्राची वायर शोधू लागले. बाकावरच्या एका आजोबांनी काठी उचलली आणि ते चालू लागले. त्यांच्यामागे एक आई मुलीला घेऊन उठली. थोड्याच वेळात बाक रिकामा.

दाढ निघाली. गालाशी कापूस धरून बाई सावकाश म्हणाली, "मी सांगितलं नसतं, तर हीच अवजारं तुम्ही नुसती पुसून पुढच्याच्या तोंडात घातली असती."

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी माझं रेक्झीन फाडून फेकलं. कोणी माझ्यावर बसल्याने काही पसरत नाही, हे त्यांच्या पुस्तकात लिहिलेलं असणारच. पुस्तक वाचायचं असतं, नुसतं फळीवर मांडायचं नसतं. आता मी मागच्या अंगणात गंजत पडले आहे.

मित्रांनो, शिवल्याने, शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने एचआयव्ही होत नाही. तोंडात असे चट्टे दिसले तर लपवू नका, त्यावर औषध आहे. आणि माझ्यासारख्या खुर्चीत बसलात की तोंड उघडण्याआधी विचारा, "अवजारं वाफेत घातली होती का?" विचारायला लाजू नका. लाजायचंच असेल, तर ते काम डॉक्टरांना करू द्या.