गोंदवाली बगळी

वॉशिंग मशीनचं दार टक् करून सुटलं आणि मी दचकले. दुपारची वेळ, माझी लेक चिमटी झोपलेली, ताई कामावर. घरात तेवढाच काय तो आवाज. एरवी तो आला की मी उठते, कपडे झटकते, दोरीवर टाकते. त्या दिवशी म्हटलं, राहू देत आतच, आंबू देत. माझ्या हातात ब्रश होता आणि समोरच्या बगळीच्या मानेला हवा तो बाक आत्ता कुठे आला होता.

मी लहान मुलांसाठी चित्रांची पुस्तकं करते. चित्रं माझी, खालच्या दोन-चार ओळीही माझ्याच. पोर झोपली की जेवढं होईल तेवढं. तेव्हाचं पुस्तक घरट्यांचं होतं. एकाच झाडावर नाना तऱ्हेची कुटुंबं. एका घरट्यात दोन आया, एकात नुसते आजोबा आणि नात, एकात कावळ्यांनी लाडाकोडात वाढवलेलं कोकिळेचं पिल्लू, तर एका पिल्लाचे बाबा पलीकडच्या फांदीवर राहायला गेलेले आणि पिल्लू दोन्हीकडे मजेत. संपादक म्हणाल्या होत्या, "गोड आहे गं, पण जरा जास्तच गोड आहे. मुलं डुलक्या काढतील. कुणीतरी खोडसाळ आण की ह्यात."

खोडसाळ शोधायला मला लांब जावं लागलं नाही.

झालं होतं असं. चिमटीच्या बालवाडीत मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. विषय, 'माझ्या घरची माणसं'. चिमटीने आम्हा तिघींना काढलं होतं. एका कडेला मी, मधे ती स्वतः, आणि दुसऱ्या कडेला तिची मावशी, म्हणजे माझी ताई. ताई शहरातली बस चालवते, म्हणून तिच्या हातात स्टिअरिंग. बस नाहीच, नुसतं स्टिअरिंग. हे चित्र मला पाठ होतं, कारण शाळेत काढण्याआधी तिने त्याची घरी कितीतरी वेळा तालीम केली होती.

भिंतीवर मात्र आम्ही चौघं होतो. माझ्या शेजारी एक पुरुष चिकटवला होता. मासिकातल्या स्वेटरच्या जाहिरातीतून कापलेला, सगळे दात दाखवणारा, आमच्या दुप्पट उंच. कापताना त्याचा एक हात गेला होता.

"अहो, कागद त्या बाजूला रिकामा दिसत होता," बालवाडीच्या बाई म्हणाल्या. "बाकीच्यांची चित्रं कशी भरलेली. चारचौघांत तिला कमीपणा वाटू नये, म्हणून म्हटलं आपणच लावून टाकावा एक."

एक. शर्टाचं बटण तुटलं असावं तसं.

"तिला वडील नाहीत, हे ठाऊक होतं तुम्हाला," मी म्हटलं.

"म्हणूनच तर," त्या म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावर थोपटलं.

चिमटीचे वडील ती पोटात असतानाच निघून गेले. तिने त्यांना पाहिलेलं नाही, आणि त्या दिवसापर्यंत तिचं कुठे काही अडलंही नव्हतं. त्या दिवशी घरी येताना तिने विचारलं, "स्वेटरकाका आपल्याकडे कधी येणार?"

"ते चित्रातले आहेत, राणी. ते नाही येणार."

"पण बाईंनी लावलेत."

बाईंनी लावलेत म्हटल्यावर आई कोण बोलणारी? संध्याकाळी बघते तर ही सोफ्याच्या अगदी कडेला, अर्धी खाली लोंबकळत बसलेली.

"सरक की मधे, पडशील," ताई म्हणाली.

"नको. त्यांना बसायला जागा लागेल."

ताई एरवी कुणाला शब्दाने हार जाणारी नाही. पण तेव्हा ती उठली, आत गेली आणि धुतलेलेच कप पुन्हा धुवायला लागली. मी मागे गेले तर माझ्यावरच उखडली. "इथे काय करतेस? जाऊन भांड त्या बाईशी!"

"भांडून काय होणार? सॉरी म्हणेल आणि परत थोपटेल."

"मग?"

"मग बघच तू."

त्यानंतर मी बालवाडीच्या फाटकाशी रोज लवकर जाऊन उभी राहायला लागले. बाईंची मान लांब, ती बोलताना आधी पुढे यायची आणि माणूस मागून. चष्मा साखळीला. चालताना गुडघे उंच उचलायच्या, जमिनीवर सगळीकडे पोरंच सांडलेली असल्यासारख्या. मला काही शोधून काढायची गरजच नव्हती. देवाने बगळी करता करता मन बदललं होतं, मी फक्त ते काम पुरं करत होते.

जे फाटकातून दिसत नव्हतं ते चिमटी पुरवायची.

"बाई गोंद कसा लावतात गं? करून दाखव."

ती लगेच जीभ दातांत धरायची, एक डोळा मिटायची आणि बोट गोल गोल फिरवायची. मी हसले की आणखी करायची. "आणि खाऊच्या सुट्टीत त्या खिडकीत बसतात. डबा मांडीवर. अश्शा." मी तेही काढलं. एका पायावर उभी, खिडकीत, एकटीच खाणारी बगळी. झकास जमली.

तर गोष्ट अशी झाली. बगळी पंखाखाली गोंदाची बाटली घेऊन घरट्याघरट्यांतून हिंडते आणि तिच्या मते जे कमी आहे ते चिकटवून जाते. आजोबांच्या शेजारी पाचोळ्याची आजी. दोन आयांच्या मधे काड्यांचा मिशीवाला बाबा. कोकिळेच्या पिल्लाच्या अंगावर कावळ्याची पिसं. शेवटी सगळी पिल्लं मिळून तिच्याच गोंदाने तिची चोच चिकटवतात आणि तिला झाडावरून खाली लोटतात. शेवटच्या पानावर चिखल, चिखलातून वर आलेले दोन पाय, आणि टाळ्या वाजवणारं अख्खं झाड. ते दोन पाय मी चवीचवीने रंगवले. आयुष्यात इतकं सुंदर पान माझ्या हातून झालं नव्हतं.

ताईने पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "अगं, ही तर हुबेहूब! मला उठून हजेरी द्यावीशी वाटली." मग हसू आवरून म्हणाली, "पण पोर दिवसभर तिच्याच ताब्यात असते बरं का. तिने डूख धरला तर?"

"धरू दे. मीही धरलाच आहे."

आमच्या प्रकाशनाची एक पद्धत आहे. छापायला जाण्याआधी कच्ची प्रत खऱ्या वर्गात वाचून बघायची. वाचायचं वर्गाच्या बाईंनी. पुस्तक करणारीने मागे भिंतीला टेकून उभं राहायचं आणि अवाक्षर काढायचं नाही.

"कुठल्या शाळेत वाचू या?" संपादकांनी विचारलं. त्यांना बिचाऱ्यांना काही माहीत नव्हतं.

"मुलीच्याच वर्गात वाचू," मी म्हटलं. "जवळ पडेल."

बाई खूश होत्या. चष्मा लावून त्या बुटक्या खुर्चीवर बसल्या. "आज कुणाच्या आईचं पुस्तक वाचायचंय? आपल्या चिमटीच्या!" चिमटी बसल्या जागी वीतभर उंच झाली. दोन आयांचं घरटं झालं, आजोबांचं झालं. मुलं हसत होती, स्वतःची घरं ओळखत होती. "आमच्याकडे पण नुसते आजोबा!" बाईंनी पान उलटलं.

पुढच्या रांगेतली एक मुलगी गुडघ्यांवर उठली. "बाई, ह्या तुम्ही!"

मग कुणालाच राहवेना. "चष्मा बघ! जीभ बघ! बाई, तुम्ही जीभ काढलीय!"

बाईंचं बोट चित्रावरच राहिलं. त्यांनी मान वर केली, मुलांच्या डोक्यांवरून माझ्याकडे पाहिलं. मी नजर हटवली नाही. मला त्यांनी नीट बघायला हवं होतं. त्यांच्या गळ्याच्या मुळापासून कानांपर्यंत लाली चढत गेली आणि मला वाटलं, हा रंग माझ्या डब्यात का नव्हता?

तोंडावर पुस्तक आपटून त्या उठतील अशी माझी खात्री होती. उठल्या नाहीत. मुलं "पुढे, पुढे" करत होती, म्हणून पुढे वाचत गेल्या. बगळीचं बोलणं त्यांना त्यांच्याच आवाजात म्हणावं लागलं, त्याला त्या तरी काय करणार? चिखलाच्या पानावर वर्ग पाय आपटायला लागला. "बगळी! बगळी! बगळी!" चिमटी तेवढी पाय न आपटता बाईंकडे बघत बसली होती. मला वाटलं, कौतुकाने बुजली.

सगळी मुलं अंगणात पळाल्यावर बाईंनी प्रत माझ्या हातात दिली.

"मुलांना आवडलं," त्या म्हणाल्या. "आता मला ह्याच नावाने हाका मारतील."

"मारू देत," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि वळून इवल्या इवल्या खुर्च्या एकात एक घालायला लागल्या. मी थोपटलं नाही.

घरी ताई वाटच बघत होती. "मग? कसं वाटतंय?"

"आंघोळ करून आल्यासारखं."

"तोंड कसं झालं होतं तिचं? सांग की. पहिल्यापासून सांग!"

मी पहिल्यापासून सांगितलं. मान पुढे काढून, गुडघे उचलून, सगळं करून दाखवलं. ताई पोट धरून हसली. मीही हसले. चिमटी खाली जमिनीवर कच्ची प्रत घेऊन बसली होती. पुढून मागे, मागून पुढे पानं उलटत होती. दोन पानं चिकटलीयत का म्हणून नखाने सोडवून बघत होती. मग पुठ्ठाही उचलून बघितला.

"आपलं घरटं शोधतेस ना?" मी म्हटलं. "पिवळ्या फुलांच्या फांदीवर बघ. स्टिअरिंगवाली चिमणी आहे तिथे."

"ते सापडलं केव्हाच."

"मग काय हवंय, राणी?"

तिने चिखलाचं पान उघडलं, वर आलेल्या दोन पायांवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून विचारलं,

"बाईंचं घरटं कुठल्या पानावर आहे?"