गुणाबाईच्या देवळीतला दात

मित्रांनो, मी फार म्हातारा दात आहे. माझा हत्ती जाऊन हजारो वर्षे झाली. मांजरेच्या काठचे गवत चावता चावता मी झिजलो, वाळूत गाडला गेलो आणि हळूहळू दगड झालो. पण माझी खरी मजेची वर्षे सुरू झाली ती बहात्तरच्या दुष्काळात.

नदी कोरडी पडली होती. बायका पात्रात झिरे खणून वाटी-वाटीने पाणी भरत. गुणाबाईच्या खुरप्याला मी लागलो. तिने मला ओढून काढले, आणि त्याच खड्ड्यात पाणी पाझरू लागले.

"गणपतीच पावला गं बाई!" ती ओरडली. माझा बाक तिला सोंडेसारखा दिसला. तिने मला पदरात घालून घरी नेले, शेंदूर लावला आणि देवळीत बसवले. दहा वर्षे दर चतुर्थीला मला दूर्वा मिळाल्या. हत्तीच्या दाताला गवत मिळाले, आणखी काय हवे?

ब्याऐंशी साली लातूर हा नवा जिल्हा झाला. गावात पेढे वाटले. नव्या जिल्ह्यातल्या शाळांचे विज्ञान प्रदर्शन भरायचे ठरले. गुणाबाईची लेक शिवगंगा गावच्या शाळेत नुकतीच शिकवू लागली होती. एका सकाळी देव पुसताना माझ्या शेंदराची खपली निघाली आणि खालच्या वळ्या तिला दिसल्या. तिने मला उदगीरला नेऊन आपल्या कॉलेजातल्या सरांना दाखवले. परत आली ती धापा टाकतच.

"माय, हा हत्तीचा दात हाय! लई जुना. ती जात आता कुठंच न्हाई. आजचे हत्ती तिचे भाऊबंद. पिढ्यानपिढ्या जनावरं बदलत आली, त्याचा हा पुरावा. प्रदर्शनात न्यायचाय मला."

गुणाबाईच्या हातातली वात तशीच राहिली. तिचे दीर गुंडप्पा मात्र ओसरीवरून ताडकन उठले.

"देवाला जनावराचा दात म्हणतीस? हेच शिकवायलीस का शाळंत? जनावरं आपसूक बदलली म्हणजे देव खोटा, असंच ना?" त्यांनी मला उचलले. "विहिरीत सोडतो. ही विटंबना नको."

"नको काका!" शिवगंगेचे डोळे भरले. "देव न्हाई असं शास्त्र म्हणत न्हाई. हत्ती कसा बदलला, तेवढंच सांगतं."

मी घाबरलो. विहिरीत पडलेल्याला कोण शोधणार?

गुणाबाई आत गेली आणि बियाण्यासाठी राखलेले ज्वारीचे कणीस घेऊन आली.

"भावजी, जरा टेका. दरसाली आपण दाणेदार कणीस बघून बी ठिवतो. आजेसासूबाईंच्या टायमाला कणीस केवढं होतं, अन् हे केवढं हाय? बदललंच की. म्हणून ज्वारी देवाची न्हाई का? पेरणीला नारळ तर तुम्हीच फोडता."

"ते येगळं."

"काय येगळं? इथं आपण निवडतो, तिथं रान निवडत असंल. देवानं हत्ती एका दिसात केला का लाख वर्सं लावली, त्याला कुठं घाई हाय? मी हात जोडले ते त्याला. दात त्याच्याच हत्तीचा निघाला, तर माझं काय गेलं?"

गुंडप्पांनी कणीस हातात फिरवून बराच वेळ पाहिले. मग मला हलकेच खाली ठेवले.

"पण नेणार मी," ते म्हणाले. "एस.टी.त पोरीच्या हातून पडला तर?"

शिवगंगा डोळे पुसता पुसता हसली.

गुणाबाईने तेलाच्या बोटांनी माझा शेंदूर उतरवला. एकेक वळी चाचपून ती म्हणाली, "किती चावलं असंल गं ह्यानं!"

लातूरला गुंडप्पा दिवसभर माझ्याशेजारून हलले नाहीत. "हात लावू नका! हत्तीच्या भाऊबंदाचा हाय. आमच्या वहिनीला घावला," असे ज्याला त्याला सांगत राहिले. कुणी हात जोडले, तर त्यांना जोडू देत.

आता मी शाळेच्या काचेच्या कपाटात असतो. मित्रांनो, नदीत, रानात असा आगळा दगड सापडला, तर तो फोडू नका, फेकू नका. जाणत्याला दाखवा. पूजा करायची तर खुशाल करा, पण कधीतरी शेंदूर काढून खालीही बघा.

परवा गुणाबाई शिवगंगेच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसली होती. धडा संपला, मुले दप्तरे आवरू लागली. गुणाबाई मात्र जागची हलली नाही.

"थांब गं पोरी," ती म्हणाली. "हत्तीचं कळलं. आता माणसाचं सांग."