हरलो म्हणायचं राहिलं

"आई, खरं सांग हां! हा डबा सरकारनं भरला काय?"

प्रश्न रागिणीच्या तोंडून सुटला आणि अंगणात हशा पिकला. तिच्या मैत्रिणीने, वर्षालीने तर टिपऱ्या खाली टाकल्या आणि पोट धरून ओट्यावर बसली. पैज तिचीच होती. 'दम असन तं विचारून दाखव,' असं ती रागिणीच्या कानात कुजबुजली होती, आणि दम नाही असं म्हणवून घेईल ती रागिणी कसली! दहावीत गेल्यापासून पोरीला पंखच फुटले होते. शाळेच्या कबड्डी संघाची ती कप्तान झाली होती, नांदगाव खंडेश्वरला जाऊन ढाल घेऊन आली होती. मागच्या वर्षीपर्यंत भुलाबाईच्या गाण्यांना सगळ्यांच्या मागे उभी राहून नुसते ओठ हलवायची. यंदा सगळ्यांच्या पुढे उभी राहून गाणं तीच उचलत होती.

भुलाबाईचा महिना चालला होता. रोज संध्याकाळी पोरी एकेकीच्या घरी जायच्या, मातीच्या भुलाबाईपुढे टिपऱ्यांवर गाणी म्हणायच्या. गाणी संपली की घरातली बाई झाकलेला डबा घेऊन बाहेर यायची. आत काय खाऊ आहे ते पोरींनी ओळखायचं. बाई डबा वाजवून दाखवणार, पोरी विचारणार, गोड का तिखट, तळलेलं का भाजलेलं. उत्तर मात्र खरंच द्यायचं. ओळखलं तर पोरी जिंकल्या. नाही ओळखता आलं तर सगळ्यांनी एका सुरात 'हरलो' म्हणायचं आणि मगच झाकण उघडायचं.

रागिणीच्या आईच्या, सुभद्राच्या डब्यापुढे आजवर कोणी हरलं नव्हतं. ती दारात आली की डबा वाजायच्या आधीच पोरी ओरडायच्या, "मुरमुरे!" आणि असायचे मुरमुरेच. सुभद्रा हसत हसत झाकण काढायची, ओंजळ-ओंजळ वाटायची. लहानपणी रागिणीला वाटायचं, आईला मुरमुरेच आवडत असतील.

यंदा डबा वाजलाच नाही. सुभद्राने तो हलवला, एकेकीच्या कानाशी नेला. आत चिडीचूप.

"शिरा!"

"नाई."

"काकू, गुलाबजाम!"

"नाई वं बाई."

"उकडलेल्या शेंगा!"

"अवं, गोड हाय म्हटलं ना मघाशी! कान कोठी ठेवून आली?"

सुभद्राचे गाल फुलून आले होते. उंबरठ्यावर पदर खोचून ती अशी उभी होती, जशी मैदानावर रागिणी उभी राहायची. "म्हना हरलो! म्हना, पोरीहो, लाजता काहून?"

पोरी हरल्याच होत्या. शब्द ओठांवर आला होता. तेवढ्यात वर्षाली कुजबुजली आणि रागिणीने विचारलं.

हसू ओसरेपर्यंत सुभद्रा थांबली. लेकीकडे तिने एकदाच पाहिलं.

"हाव," ती म्हणाली. "बहिणीच्या पैशाचाच हाय."

सरकारकडून महिन्याला बायांच्या खात्यात जमा होणाऱ्या पैशाला गावात हेच नाव पडलं होतं.

"तरीच!" वर्षाली म्हणाली. "आमची आई म्हनते, पैसे भेटाले लागले तवापासून बायायची मिजासच वाढली. आमच्या वावरात कोनी याले तयार नाई. घरी बसून बाया खाऊ खाऊन राहिल्या!"

पुन्हा हशा. रागिणीही हसली. कप्तानाला शोभेल अशी, सगळ्यांत मोठ्याने.

सुभद्राने मग 'हरलो'ची वाट पाहिली नाही. झाकण काढलं. आत एकीला एक चिकटून बसवलेल्या संत्रा बर्फीच्या वड्या होत्या, केशरी, वर चांदीचा वर्ख. तिने प्रत्येकीच्या तळहातावर एकेक ठेवली, वर्षालीच्याही. "घ्या माय," म्हणाली. पोरींनी बर्फी खाल्ली, बोटं चाटली.

"उद्या आमच्या घरी हां, लवकर या!" असं ओरडत वर्षाली गेली, तिच्यामागे बाकीच्या गेल्या.

रागिणी उड्या मारत घरात शिरली. "आई, लय भारी होती बर्फी! कोठून आनली?"

उत्तर बापाने दिलं. गोवर्धन बांधकामावरून आला होता आणि तट्ट्याआड पाय धूत होता. अंगणातलं सगळं त्याने ऐकलं होतं.

"अमरावतीहून," तो म्हणाला. "तुही माय एकटी गेली होती, एसटीनं. मी म्हटलं, मी आनतो. तं म्हने, पैसे माहे, दुकान मीच पाहीन. चार दुकानं फिरली. हरेक दुकानात एकच सवाल, भाऊ, डब्यात वाजत नाई असा खाऊ दाखवा. दुकानदार म्हने, बाई, मिठाई कधी वाजते काय?" गोवर्धनला सांगता सांगता हसू आलं. मग मध्येच ते हसू विझलं. त्याने टॉवेलने पाय पुसायला घेतले आणि बराच वेळ पुसत राहिला.

रागिणीच्या दाढेत बर्फी अडकली होती. ती तिने जिभेने काढली नाही.

दाराशी तिचे कबड्डीचे बूट होते. बहिणीच्या पैशाचे. ते पायात घालून तिने ढाल जिंकली होती, तेव्हा कोणाचे पैसे म्हणून तिने विचारलं नव्हतं. आणि बाया घरी बसल्यात म्हणे! दर पावसाळ्यात घरात दाणे नसले की आई वर्षालीच्या घरून उचल आणायची. मग ते म्हणतील त्या मजुरीवर, अंगात ताप असला तरी, त्यांच्याच वावरात राबायची. यंदा उचल घ्यावी लागली नाही, म्हणून ती जिथे मजुरी बरी तिथे गेली. कंबर धरली तेव्हा दोन दिवस घरी पडून राहिली. आयुष्यात पहिल्यांदा. हे सगळं रागिणीला ठाऊक होतं. नेमकं हसताना तेवढं ठाऊक नव्हतं.

"आई, मी मजाक केली वं."

"मालूम हाय मले."

यापेक्षा आईने दोन धपाटे घातले असते तर बरं झालं असतं. सुभद्राने डबा फळीवर ठेवला आणि कोपऱ्यातला विळा काढला. "उद्या वर्षालीच्या वावरात जातो," ती नवऱ्याला म्हणाली. "सोयाबीन सोंगाले. उगाच लोकायनं नाव ठेवाले नको."

"काहून?" गोवर्धन म्हणाला. "त्यायच्याही खात्यात येतेच ना सरकारचे पैसे, वावराच्या नावानं. त्यायले कोन विचारते, तुमचा डबा कोनं भरला म्हून?"

"त्यायले विचारन असं कोन हाय?" सुभद्रा म्हणाली. "आपल्याले तं घरातलंच मानूस हाय."

ती रागावून बोलली नव्हती. विळ्याची धार अंगठ्याने पाहत सहज बोलली. भुलाबाईच्या मातीच्या डोळ्यांकडेही रागिणीला बघवेना.

"तुले अजून पायजे असन तं घे," सुभद्रा म्हणाली. "उरल्या हायेत चार."

"तू खाल्ली?"

"दुकानात चाखली ना. फुकट." सुभद्रा किंचित हसली. "त्यानं दोनदा चाखू देली."

रागिणीने फळीवरून डबा काढला. झाकण उघडलं नाही. कानाशी धरून हळूच हलवला. वाजला नाही. कशी वाजणार? आईने चार दुकानं पालथी घालून शोधलेली बर्फी होती ती. इतक्या वर्षांत एकदाच तिला तो शब्द ऐकायचा होता, आणि पोरींनी तो न म्हणताच खाऊ खाल्ला होता.

ती डबा घेऊन दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"आई, बाबा, मी एक ठरवलं. उद्या वर्षालीच्या घरी गानं मीच उचलनार हाय ना? तं गान्याच्या पयले सगळ्यायच्या समोर सांगतो, वर्षालीच्या आईसमोरबी. काल माह्या मायचा खाऊ कोनालेच ओळखता नाई आला म्हून."

गोवर्धन दचकला. "अवं, त्यायच्या दारात? तुह्या मायले तिथं कामाले जा लागते, बापा!"

"जाचं का नाई, ते आई पाहीन." रागिणी थांबत नव्हती. सुभद्राचा अंगठा विळ्यावरच राहिला होता. "मी माह्यं सांगून राहिली. तिथं उभी राहून मी 'हरलो' म्हननार. बाकीच्या म्हनतीन तं म्हनतीन. नाई तं मी एकटी म्हनन."