वन्संनी सांगून टाकलं

मी शिंपीण. अकरा वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे माझी डावी छाती काढली. तेव्हापासून माझे कपडे मीच असे शिवते की कुणाला पत्ता लागू नये. आतून कापसाची गादी, तिला बेताचा उतार, नीट मापाचा. गिऱ्हाइकांना आजवर कळलं नाही. घरच्यांना ठाऊक होतं, पण त्यांना ताकीद होती, विषय बंद.

यंदा जेवण जाईना. दोन घास खाल्ले की पोट गच्च. दुर्बीण घालून तुकडा काढला, तर पोटाचा कॅन्सर म्हणाले. मंगळवारी जठर काढायचं ठरलं. फॉर्मवर आधीचा आजार विचारला होता, मी 'नाही' लिहिलं. बरं झालेलं दुखणं कशाला उकरायचं? शहाणपणा माझा, दुसरं काय. वर दवाखान्याच्या झग्यालाही आल्याबरोबर गादी टाचली.

माझ्या नणंदेच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्यावरून आमची वीस वर्षं भांडणं. सोमवारी सर्जन माझं पोट दाबून निघाले, तर वन्सं म्हणाल्या, "डॉक्टर, हिची एक छाती काढलीय, ते माहितीय ना तुम्हाला?"

मला वाटलं, यांचा गळाच धरावा.

सर्जन परत फिरले. "बाई, हे तुम्ही मला आज सांगताय?"

"मी कुठं, त्या सांगतायत," मी म्हटलं.

ऑपरेशन थांबलं. अकरा वर्षांपूर्वीच्या गाठीच्या, जुन्या दवाखान्यात जपलेल्या काचपट्ट्या मागवून नव्या तुकड्याशेजारी तपासल्या. पेशी त्याच. छातीचाच आजार इतक्या वर्षांनी पोटात जाऊन बसला होता. असं क्वचितच होतं म्हणे.

"जठर काढून उपयोग झाला नसता," सर्जन म्हणाले. "गोळ्या सुरू करू. आजार मुळासकट जाणार नाही, पण आटोक्यात ठेवता येईल."

याला चार महिने झाले. काल दुपारी वाटीभर भात संपवून मी आणखी मागितला. वन्संनी वाढला.

"वन्सं, तुम्ही बोललात म्हणून मी जेवतेय. तुमचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत."

"जेव गुमान," त्या म्हणाल्या. मग पातेल्यावर झाकण ठेवत, "तू पुन्हा कधी माझ्याशी बोलणार नाहीस, हे धरूनच मी बोलले होते."

आणि मी खरंच बोलले नसते. माझा स्वभाव त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.