पावणेदोन किलोंची बॅटरी

चष्मेवाल्याचे तिन्ही मेहुणे लोखंडी जाळ्या आणि फाटकं बनवायचे, आणि स्वतःही साधारण त्याच मापाचे होते. थोरला एकशे अकरा किलो, मधला एकशे चार, धाकटा नुसताच अठ्ठ्याण्णव. तिघांना शर्यतीच्या गाडीचा नाद. एक जुनी छोटी कार आणून त्यांनी तिच्या आतलं सगळं उपटून काढलं, लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला, लाल रंग दिला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की तिघांपैकी एकही जण तिच्यात मावत नाही.

ही चार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर तिघांनी एकदम माना वळवून बहिणीच्या नवऱ्याकडे पाहिलं.

"दाजी, तुमचं वजन किती हो?" थोरल्याने विचारलं.

"एकावन्न," चष्मेवाला म्हणाला. खरं बोलायची खोड त्याला लहानपणापासूनच होती.

तेव्हापासून तो चालक. चार वर्षांत तो कधी पहिला आला नव्हता आणि कधी उलटाही झाला नव्हता. यातल्या दुसऱ्या गोष्टीचं त्याला स्वतःला फार कौतुक होतं, पण मेहुण्यांच्या लेखी ती किरकोळ. शर्यतीच्या आदल्या रात्री त्याला झोप लागत नसे, आणि पहिल्या वळणावर तो डोळे मिटून घ्यायचा. दुकानात दिवसभर लोकांना 'नीट बघा, काय दिसतं?' विचारणाऱ्या माणसाला हे शोभत नव्हतं.

यंदा मात्र त्याने ठरवलं होतं. शनिवारी चार वाजता मैदानावर गाडीची तपासणी. तपासणीत गाडी पास झाली की चालकाचं नाव फॉर्मवर चढतं, आणि एकदा चढलं की वर्षभर उतरत नाही. त्याआधी सांगून मोकळं व्हायचं.

"अहो, आज सांगाच," बायको सकाळी म्हणाली होती. "माझे भाऊ आहेत, वाघ नाहीत."

"वाघ तरी कुणाला गाडीत बसवत नाहीत."

"मग मी सांगू?"

"नको. मीच सांगतो," तो म्हणाला, आणि मूग गिळून मेहुण्यांच्या कारखान्यात गेला.

तिथे कामाच्या टेबलावर तीन बॅटऱ्या मांडून ठेवल्या होत्या. आतापर्यंत गाडीत शिसाची बॅटरी होती, चौदा किलोंची. ती पुढच्या चाकावर बसून राहायची, घरातल्या थोरल्या आत्यासारखी, कोणी हलवायची हिंमत करायचं नाही. यंदा मेहुण्यांनी लिथियमची आणायची ठरवलं होतं. एक साडेचार किलोंची, दुसरी पावणेतीन, आणि तिसरी, जी आकाराने चष्म्यांच्या चार घरांएवढी असेल, पावणेदोन. भंगार तोलायच्या काट्यावर तिघींचं वजन करून झालं होतं.

चष्मेवाल्याने माहितीपत्रकं वाचली होती. या घरात ती वाचणारा तो एकटाच. "साडेचारवाली घ्या," तो म्हणाला. "सकाळी गारठ्यात इंजिन फिरवायला जोर लागतो. ही छोटी दोन-तीनदा फिरवेल, मग बसेल."

"आपल्याला गाडी सुरू कितीदा करायचीय?" मधला म्हणाला. "एकदा. मग तुम्ही थांबता कुठे?"

"थांबतात की. प्रत्येक वळणावर," धाकटा म्हणाला, आणि तिघं इतके हसले की काट्याचा काटा हलला.

थोरल्याने पावणेदोनवाली उचलून तळहातावर तोलली. "सगळ्यात हलकी कोण? ही. झालं. आमची माणसं निवडायची पद्धत तुम्हाला माहितीय ना, दाजी?"

दाजींना माहीत होती. सांगायची वेळ हीच होती. त्याने तोंड उघडलं.

"आणि बसवायची तुम्हीच," थोरला म्हणाला. "बारीक स्क्रूंचा हात तुमचा. आमची बोटं आत शिरत नाहीत."

त्याने तोंड मिटलं.

बॅटरी बसवायची ठरली ती शेजारच्या सीटच्या जागी, खाली, मध्याकडे, म्हणजे वजन जमिनीलगत राहतं. मधल्याने ॲल्युमिनियमची तळपट्टी कापून दिली, वरून आवळायला पोलादी पट्टा दिला. चष्मेवाला पाने आणि रबराचा तुकडा घेऊन आत शिरला आणि उकिडवा बसला. नियमांच्या पुस्तकात लिहिलं होतं: गाडी पूर्ण उलटी झाली तरी बॅटरी जागची हलता कामा नये. हे वाक्य त्याने तीनदा वाचलं. बॅटरीची एवढी काळजी घेणाऱ्या पुस्तकात चालकाबद्दल काय आहे ते बघायचं त्याने टाळलं.

काम मात्र त्याने मन लावून केलं. खाली रबर घातलं, चार बोल्ट आवळले, पट्टा ताणला, ढकलून पाहिलं. केसभरही हलेना. काळी वायर गाडीच्या सांगाड्याला जोडली. लाल वायर जोडणार, तेवढ्यात धाकटा म्हणाला, "दाजी, जरा दार लावून बघतो हं, वायर चेमटते का."

दार धाडकन लागलं. चष्मेवाला दचकला, हातातला पाना निसटला आणि बॅटरीच्या लाल टोकावरून थेट पिंजऱ्याच्या नळीला टेकला. चट् करून निळी ठिणगी उडाली. मग सगळं शांत.

"उघड," तो म्हणाला.

"तुम्ही उघडा. आतलं बटण दाबा."

इथे एक सांगायला हवं. दाराची कडी, मूठ, आतले दांडे मिळून सव्वा किलो भरतात, असा शोध थोरल्याला दोन महिन्यांपूर्वी लागला होता. त्याने ते सगळं काढून टाकलं आणि त्याजागी बटणावर चालणारं इवलंसं विजेचं कुलूप बसवलं. एक बटण आत, एक बाहेर. दुसरं दार कायमचं बोल्ट मारून बंद. काचांच्या जागी स्क्रूने घट्ट केलेलं जाड प्लॅस्टिक, श्वासापुरती चार भोकं पाडलेलं.

चष्मेवाल्याने घाईघाईने लाल वायर जोडली आणि बटण दाबलं. काही नाही. धाकट्याने बाहेरून दाबलं. काही नाही.

"बॅटरी गेली," मधला म्हणाला.

"गेली नाही, झोपली," चष्मेवाला आतून म्हणाला. "ठिणगी उडाली की आतलं सर्किट तिला बंद करतं. पत्रकात आहे. चार्जर लावला की जागी होते."

"मग लावा चार्जर."

"चार्जर बाहेर आहे. मी आत आहे."

तिघांनी यावर विचार केला. त्यांना विचार करताना पाहणं हा आतून एक वेगळाच अनुभव होता. प्लॅस्टिकला चिकटलेले तीन मोठे चेहरे, तीन भोकांशी एकेक नाक. चष्मेवाल्याला एकदम गरम व्हायला लागलं. गुडघे दुखत होते, मान पिंजऱ्याच्या नळीखाली वाकलेली. चार वर्षं मनात असलेलं वाक्य या क्षणी आपोआप बाहेर पडलं.

"मला ही गाडी चालवायची नाही!"

तिन्ही नाकं भोकांपासून मागे सरली.

"घाबरलेत," मधला समजुतीने म्हणाला.

"मी घाबरलोय हे खरं आहे. चार वर्षं घाबरलोय! दुसरा कोणीतरी बघा."

"दाजी, दुसरा कोण बघणार?" थोरला म्हणाला, तापलेल्या पोराला समजवावं तसा. "आम्ही मावतो का त्यात? सीट तुमच्या मापाची. पट्टे तुमच्या मापाचे. आता तर तुम्हाला आत बसवून दारसुद्धा लागलंय."

हा मुद्दा बिनतोड होता.

शेवटी जुन्या बॅटरीची वायर जायची त्या भोकातून धाकट्याने चार्जरच्या तारा आत सारल्या. चष्मेवाल्याने चिमटे लावले. मिनिटभराने बॅटरी जागी झाली. तो बटणाकडे हात नेणार, तोच थोरला ओरडला, "उतरू नका! पावणेचार झालेत. पट्टे लावा, आम्ही ढकलतो."

मैदान दोन गल्ल्या पलीकडे. मेहुण्यांनी गाडी ढकलायला सुरुवात केली आणि चष्मेवाला स्टिअरिंग धरून बसला. शिंप्याचं दुकान गेलं, लाँड्री गेली, सायकलवाल्याने हात केला. त्याचं स्वतःचं दुकानही गेलं. दारात बायको उभी होती. तिने भुवया उंचावून विचारलं, 'सांगितलंत?' त्याने खांदे उडवायचा प्रयत्न केला, पण पट्टे आवळलेले होते. ती दुकानाला कुलूप लावून मागोमाग निघाली.

थोरला चालता चालता भोकाशी तोंड आणून बोलू लागला. "दाजी, नीट ऐका. तपासनीस म्हणेल, मेन स्विच बंद करा आणि दहा सेकंदांत बाहेर या. स्विच बंद केला की दाराची वीज गेली, कळलं ना? तर तुम्ही आधी गुपचूप बटण दाबायचं, दार बोटभर उघडायचं, कोपराने धरून ठेवायचं, आणि मग स्विच बंद. त्याला कळणारसुद्धा नाही."

"पण खरी वेळ आली, तर?"

"कसली खरी वेळ?"

"उलटी झाली. आग लागली. स्विच बंद केला. मग दार?"

थोरल्याने गाडीला एक जोरदार धक्का दिला. "शुभ बोला की हो," तो म्हणाला.

तपासनीस म्हणजे एक बारीक, निवृत्त रेल्वे अभियंता. त्याने बॅटरी हलवून पाहिली, टोकांवरची झाकणं पाहिली. "फार सुंदर बसवलीय," तो म्हणाला. "कोणी?"

"आमच्या दाजींनी," तिघं अभिमानाने म्हणाले. चष्मेवाल्याला क्षणभर बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा राग आला.

दार लागलं. तपासनीसाने हातातलं घड्याळ वर केलं. भोवती चाळीसेक माणसं जमली होती. "चालक, मेन स्विच बंद करून बाहेर या. मोजतोय."

थोरला कोपर हलवून दाखवत होता.

चष्मेवाल्याने दाराच्या बटणाकडे पाहिलं. ते दाबलं तर तो दोन सेकंदांत बाहेर, आणि रविवारी पुन्हा आत, आणि पुढचे सगळे रविवार. त्याने बटणाला हात लावला नाही. तपासनीसाने सांगितलं तसा नुसता स्विच बंद केला, पट्टे सोडले, आणि हात मांडीवर ठेवून बसला.

"चार... पाच..."

"दाजी, कोपर!" धाकटा ओरडला.

"आठ... नऊ... दहा." तपासनीसाने फॉर्मवर आडवी रेघ मारली आणि वाकून आत पाहिलं. "का हो, बाहेर का येत नाही?"

"येता येत नाही. दार बॅटरीवर आहे."

"अरे देवा," तपासनीस म्हणाला, आणि रेघ गडद केली.

थोरला प्लॅस्टिकवर हात आपटत होता. "सांगितलं होतं ना! आता मूठ बसवून पुढच्या आठवड्यात परत यावं लागणार! स्विच चालू करा, या बाहेर!"

"पुढच्या आठवड्यात गाडी आणा. मी नसेन."

"बरं बरं. बाहेर तर या. घरी बोलू."

घरी बोलायचं म्हणजे काय, हे चष्मेवाल्याला पुरतं ठाऊक होतं. घरी मेहुणे बोलतात. स्विच त्याच्या हाताशी होता, आणि तो चालू केल्याशिवाय बाहेरचं बटणही चालणार नव्हतं. बाहेरून त्या गाडीला धरायला एक मूठ नव्हती, ओढायला कडी नव्हती, हे त्याच्या प्रथमच नीट लक्षात आलं. गर्दीत बायको दिसली. ती पुढे आली नाही, हाताची घडी घालून उभी राहिली.

"इथंच बोलू," तो म्हणाला.

"इथं? लोकांसमोर?"

"मला घाई नाही."

मधल्याने धाकट्याकडे पाहिलं, धाकट्याने जमिनीकडे. थोरल्याने एकदा सगळ्या गर्दीवरून नजर फिरवली, मग गुडघ्यावर हात टेकून, सुस्कारा सोडत, आपले एकशे अकरा किलो हळूहळू खाली आणले आणि गाडीशेजारी धुळीत मांडी घातली. आता त्याचं तोंड बरोबर भोकासमोर आलं होतं.

"बोला," तो म्हणाला.